खोडलेली विहीर

हेमाने माझ्याकडे दहा ओळी मागितल्या होत्या. हेमा म्हणजे आमच्या कसबा पेठेतल्या महिला मंडळाची अध्यक्ष. गेली अकरा वर्षं निवडणूक न होताच निवडून येते आहे. महिला दिनाला मंडळ एका बाईचा सत्कार करतं, स्मरणिकेत तिचा परिचय छापतं आणि नारळ देऊन मोकळं होतं. यंदा म्हणे मेट्रोतल्या इंजिनिअर, वैष्णवी हरगुडे. "वासंतीताई, तुमचं अक्षर सुंदर, तुम्हीच लिहा परिचय." अक्षर सुंदर म्हणून परिचय लिहायचा! उद्या एखादीचा गळा गोड आहे म्हणून तिला शंभर पोळ्या लाटायला सांगतील. वर सूचना: जिद्द, चिकाटी आणि 'घरसंसार सांभाळून' हे तिन्ही आलंच पाहिजे. मी म्हटलं, "तिचं लग्न झालेलं नाही." हेमा म्हणाली, "मग 'आईवडिलांना सांभाळून' लिहा."

आठवड्याने पुन्हा फोन. "अहो, ते लिहू नका बरं का. तिची चौकशी झाली होती म्हणे. बोगदा आपल्या पेठेखालून गेला ना, तेव्हा तिच्याकडून एक विहीर शोधायची राहिली. मशीन पाच दिवस बंद पडलं, बढती गेली तिची. अशा बाईचा सत्कार कसा करायचा? आपण तिच्या साहेबांचा करतोय, आमोदचा. 'स्त्रियांना संधी देणारा अधिकारी' म्हणून."

महिला दिनाला पुरुषाचा सत्कार! धन्य ते मंडळ आणि धन्य तो नारळ. एरवी मी हे आठवडाभर सगळ्या गल्लीला सांगत फिरले असते. पण मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले, कारण ती विहीर तिथे होती. माझ्या ओट्यापासून दीड हातावर, फरशीखाली. वैष्णवीकडून ती शोधायची राहिली नव्हती. मी ती लपवली होती, आणि ते तिला पक्कं माहीत होतं. तरी चार वर्षं ती चूक तिच्या नावावर आहे, हे मला त्या फोनवर पहिल्यांदा कळलं.

तेव्हा दहा ओळींचं विसरा. आता सगळं लिहिते.

आधी माझ्याबद्दल, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मी ट्रेसर होते. इंजिनिअरसाहेब पेन्सिलने नकाशा काढायचे, त्यावर पारदर्शक कापड ताणून तो शाईने उतरवायचा, हे आमचं काम. सरकारी नकाशा शाखेत मी ते एकतीस वर्षं केलं. साहेबांच्या रेघा वाकड्या, आमच्या सरळ. सही साहेबांची आणि कोपऱ्यात मुंगीएवढी आद्याक्षरं आमची. 'वा. रि.' म्हणजे वासंती रिसबूड. प्रत्येक नकाशाच्या तळाशी दुरुस्तीचा एक रकाना असतो. एकतीस वर्षांत माझ्या एकाही नकाशावर तो भरावा लागला नाही, आणि हे मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत आले. दूधवाल्यालासुद्धा ते पाठ आहे.

वैष्णवी पहिल्यांदा आली ती एप्रिलमध्ये, दुपारी दोन वाजता. दुपारी दोन वाजता कसब्यात बेल वाजवणाऱ्या माणसाला एकतर कसबा माहीत नसतो, नाहीतर जीव नकोसा झालेला असतो. डोक्यावर पिवळं हेल्मेट, पायात धुळीने भरलेले बूट, काखेत एक जाडजूड वही.

"आजी, तुमच्याकडं विहीर हाय का?"

"आजी कुणाला म्हणता? आणि उभ्या उभ्या विहीर विचारायला ही काय पाणपोई आहे?"

"मग काकू म्हणू?" म्हणाली. बावरली वगैरे मुळीच नाही. हे मला आवडलं नाही.

"नाही," मी म्हटलं.

"काकू नको?"

"विहीर नाही."

तिने वहीत काहीतरी लिहिलं आणि मी न विचारता समजावून सांगायला लागली. बोगदा खोदणारं मशीन आपल्या घरांच्या सत्तर फूट खालून जाणार. समोरची माती मऊ राहावी म्हणून ते साबणासारखा फेस सोडतं. वर एखादी जुनी पोकळ विहीर असली की फेस त्यातून वर येतो आणि माती खाली जाते. मातीबरोबर तिच्यावरचं घरही जातं. म्हणून मशीन यायच्या आत प्रत्येक विहीर शोधून काँक्रीटने बुजवायची. "काम सोपं हाय काकू," ती म्हणाली, "फक्त लोकांनी खरं सांगाया पायजे."

लोकांनी खरं सांगायला पाहिजे! कसब्यात! मी दार लावलं आणि एकटीच हसले.

पेठेने त्या पोरीला काय काय ऐकवलं, त्याची तिने वहीत नोंदच ठेवली होती. एक जण म्हणाले, विहीर होती, पण एकसष्टच्या पुरात वाहून गेली. दुसऱ्यांनी आधी ओळखपत्र मागितलं, मग वरच्या साहेबांचं पत्र मागितलं, मग त्या पत्रातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढून दिल्या आणि शेवटी सांगितलं की विहीर शेजाऱ्याकडे आहे. शेजाऱ्याने सांगितलं, त्यांच्याकडे आहे. प्रत्येकाला भीती एकच, की विहीर कबूल केली तर सरकार जागा घेईल. घर खाली गेलं तरी चालेल, पण सरकारला कळता कामा नये!

ती हटली नाही. भर उन्हात घरोघर फिरून मांजर कुठल्या फरशीवर पसरतं ते बघायची. खाली पोकळी असली की वरची फरशी गार राहते, आणि मांजराला ते इंजिनिअरच्या आधी कळतं. अशा तेरा विहिरी तिने माणसांना न विचारता शोधल्या. जुन्या सरकारी नकाशातल्या एकतीस आणि या तेरा, अशा चव्वेचाळीस झाल्या. वहीत प्रत्येक विहिरीपुढे एक रकाना होता, 'कुणी सांगितलं'. त्यात 'नकाशा' असं असायचं, नाहीतर घरमालकाचं नाव. आणि तेरा ठिकाणी तिने चक्क 'मांजर' असं लिहिलं होतं.

मे महिन्यात मी दारावर कागद चिकटवला: 'मेट्रोच्या लोकांनी विहिरीसंबंधी चौकशी करू नये.' ती आली, उभ्याने दोनदा वाचला आणि म्हणाली, "काकू, ज्यांच्याकडं विहीर न्हाय त्यांच्या दारावर पाटी न्हाय. अख्ख्या गल्लीत ही एकच हाय."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. मी कागद फाडला आणि ते लपवायला तिला चहा विचारला. इथेच माझं चुकलं, कारण मग ती येतच राहिली.

तिचं गाव खराडीच्या पलीकडे, आता शहरात आलेलं. वडील बजरंग हरगुडे. पाच एकर गेली, तिथे काचेच्या इमारती आल्या, आणि घरात जीप, सोन्याचं कडं आणि भावासाठी वाढदिवसाचा फ्लेक्स असं सगळं आलं. मुलीने इंजिनिअरिंगची फी मागितली तेव्हा बजरंगराव म्हणाले, "पोरीच्या जातीनं सिमेंट कालवायचं व्हय? लोक काय म्हणतील?" लोक काय म्हणतील याची चिंता फ्लेक्स लावताना नव्हती.

सुरुवात कुठे झाली तेही तिने सांगितलं. ती सतरा वर्षांची असताना त्यांच्याच शेतातून जाणारा रस्ता मोजायला एक सर्व्हेअर आला. उंचीची पट्टी धरून उन्हात उभं राहायला माणूस हवा होता. भाऊ म्हणाला, आम्ही जमीनमालक, आम्ही काठ्या धरत नाही. हिने दिवसभर धरली. संध्याकाळी त्याने तिला दुर्बिणीतून बघायला दिलं. जुन्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं. घर उलटं, आंबा उलटा आणि बजरंगराव पाय वर करून उभे. "तवाच ठरवलं," ती म्हणाली, "ह्ये मशीन माझ्या हातात पायजे." फी शेवटी आईने भरली, कशी ते मी विचारलं नाही.

पहिली नोकरी बसच्या रस्त्यावर. शहराबाहेरच्या एका रस्त्यात मधोमध बसची वेगळी वाट काढायची, मधोमध थांबे बांधायचे. हिने थांबा बांधता बांधता साहेबांना लेखी विचारलं, "पण माणूस रस्ता ओलांडून थांब्यापर्यंत पोचणार कसा?" साहेबांनी त्या कागदावर चहाचा कप ठेवला. थांबे झाले, फिती कापल्या. माणसं काही पोचली नाहीत. सात वर्षांनी हुकूम आला की थांबे काढून टाका, आणि ते काढायच्या कामावर देखरेखीला कोण? तर वैष्णवी हरगुडे! बारसंही हिनेच करायचं आणि बारावंही हिनेच. "या गावात बांधाया अन् पाडाया एकच माणूस ठेवत्यात, काकू," म्हणाली. तोवर मी तिचं बोलणं सुधारायचा नाद सोडला होता.

कामावर बायकांसाठी संडास नसायचा. नकाशात दाखवला की साहेब खोडायचे, जागा नाही म्हणून. मग ती त्या जागी 'स्टोअर नंबर दोन' असं लिहायला लागली. स्टोअर कुणी खोडत नाही. तिच्या प्रत्येक साईटवर दोन स्टोअर असतात आणि एकाला आतून कडी असते. हे ऐकून मी मोठ्याने हसले आणि हसल्याचा मला राग आला. एकतीस वर्षं मी कचेरीचा जिना उतरून समोरच्या शाळेतल्या बायांकडे संडासाची किल्ली मागायला जात होते. मला हे का नाही सुचलं?

मेट्रोत आली तेव्हा बोगदा, मशीन, फोटो हे सगळं पुरुषांना मिळालं. हिच्या वाट्याला विहिरी. आमोदसाहेब, आमच्याच पेठेतलं रत्न, म्हणाले होते, "मॅडम, तुम्ही घरोघरी जा. बायकांशी बायका बोलतात." बोलतात ना. मी काय बोलले ते लिहिलंच आहे.

आता माझं. एकोणऐंशी साली पेठेच्या सांडपाण्याचा नकाशा माझ्या टेबलावर आला. त्यात आमच्या घराची विहीर होती. आमचं जुनं घर पाडून तिथे तीन मजली इमारत उठवायचं घाटत होतं. नियम असा, की आधी विहीर तळापासून भरायची, तपासणीस बोलवायचा, मग परवानगी. सासऱ्यांना घाई होती. त्या संध्याकाळी ते म्हणाले, "सूनबाई, तो एक ठिपका नसला तर काय बिघडतं?" मी दुपारीच कंपासने ते वर्तुळ काढून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी ब्लेडने खरवडून टाकलं. शाई अशी काढायची की कापडाला कळू नये, यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. विहिरीवर स्लॅब पडला, त्यावर फरशी आली आणि तिच्याजवळ माझा ओटा. मूळ पेन्सिलचा नकाशा पुढे वाळवीने खाल्ला.

सासऱ्यांपुढे बोलायची सोय नव्हती, असं मी इतकी वर्षं मनाशी म्हणत आले. खोटं आहे. मलाही नवं घर हवं होतं. स्वतंत्र ओटा हवा होता.

मशीन आमच्या गल्लीखाली यायला दोन दिवस उरले असताना वैष्णवी एक लांब नळी घेऊन आली. आतून नकाशा काढून पसरला. माझा नकाशा! बेचाळीस वर्षांनी मी तो बघत होते.

"काकू, असलं काम मी आजवर बघितलं न्हाय," ती म्हणाली. खोटं कौतुक मला दहा पावलांवरून कळतं. हे खोटं नव्हतं. मग तिने कापड उचलून खिडकीशी धरलं. "बघा. परतेक विहीर म्हंजे एक वर्तुळ, अन् मधी कंपासच्या सुईचं भोक. उजेड येतोय ना त्यातून? एकतीस वर्तुळं. भोकं बत्तीस."

ब्लेडने शाई निघते. सुईचं भोक निघत नाही. ते मी विसरले होते. ज्या बाईच्या नकाशावर कधी दुरुस्ती लागली नाही, ती ट्रेसरची पहिली गोष्ट विसरली होती. आणि ते बत्तिसावं भोक बरोबर आमच्या घरावर होतं.

"सुई घसरली असेल," मी म्हटलं.

"तुमची?" ती म्हणाली. एवढंच.

मग तिने सांगितलं की तिने आमोदसाहेबांकडे माझी फरशी उकरायची परवानगी मागितली होती. साहेब म्हणाले, रहिवाशाने विहीर नाही असं लेखी दिलंय ना? मग एका भोकासाठी मशीन थांबवायचं का? लेखी मी खरंच दिलं होतं, माझ्या सुंदर अक्षरात. "तुमचा शब्द मोडून मला फरशी फोडता येत न्हाय," ती म्हणाली. "तुम्ही परवा मुलाकडं खराडीला जा. मी हितं बसते."

"माझं घर आहे. मी का जाऊ?"

"बरं. दोघी बसू."

आली. सकाळी साडेनऊला, तिपाई आणि दुर्बीण घेऊन. फरशी किती हलते ते मोजायचं म्हणाली. तिपाई कोपऱ्यात लावली आणि स्वतः नेमकी त्या जागी मांडी घालून बसली. ओट्यापासून दीड हातावर. मी म्हटलं, पाट घे, खुर्ची घे. नको म्हणाली. तिला दर थोड्या वेळाने फोन येत होता, मशीन दीड मीटरचा एक टप्पा पुढे सरकलं की एक. ती मोठ्याने सांगायची, "नऊ टप्पे राहिले." मग "आठ राहिले." मी कोथिंबीर निवडत होते. एक जुडी मी तीनदा निवडली.

सहा राहिले तेव्हा मांडणीवरच्या वाट्या किणकिणायला लागल्या.

"ऊठ तिथून," मी म्हटलं.

"का?"

"फरशी गार आहे. बाधेल."

"मे महिना हाय, काकू. गारच बरी." आणि माझ्याकडे सरळ बघत म्हणाली, "पर गार का असती, सांगा की."

मी कोथिंबिरीकडे बघितलं. फोन वाजला. पाच राहिले. चव्वेचाळीस विहिरी शोधणारी ती पोरगी पंचेचाळिसावीवर बसून होती, आणि तिला उठवणारं एकच वाक्य माझ्याजवळ होतं. ते मी बेचाळीस वर्षं गिळून बसले होते.

"ऊठ म्हणते ना! खाली चाळीस फूट पोकळ आहे, मेले, ऊठ!"

ती लगेच उठली नाही. आधी फोनवर म्हणाली, "थांबवा." एकदाच. मग ओट्याला धरून उठली, आणि उभी राहिल्यावरही ओटा सोडेना. मला इतका वेळ वाटत होतं, ही मला खेळवतेय. भ्यायली होती पोरगी. भिऊन बसली होती.

दुपारी फरशी फुटली, स्लॅब फुटला. खाली पाणी होतं, आरशासारखं स्वच्छ. बेचाळीस वर्षं मी त्यावर आमटी उकळत होते. आमोदसाहेब बूट घालून थेट माझ्या स्वयंपाकघरात आले, मागे पाच जण. "मॅडम, ही सर्व्हेत कशी नाही?" वैष्णवीने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "सुटली सर."

मी मांडणीवरच्या वाट्या नीट लावत राहिले. मला वाटलं, आत्ता चारचौघांत माझी लाज राखतेय, अहवालात खरं लिहील. म्हणजे मला तसं वाटून घ्यायचं होतं. पाच दिवस काँक्रीट ओतलं, विहीर भरली, मशीन खालून गेलं आणि एक वाटीसुद्धा पडली नाही. वैष्णवीची बदली कात्रजला झाली असं ऐकलं. मेट्रो तिकडे वाढते आहे, तेव्हा कामासाठीच गेली असेल, असं मी मनाशी ठरवून टाकलं. ठरवायला काय लागतं?

आणि आता हेमाचा फोन.

मी अनिरुद्धला, माझ्या मुलाला, फोन करून सांगितलं की मी खरं काय ते लिहून देणार आहे. तो खराडीला कुठल्याशा कंपनीत मॅनेजर आहे. "आई, प्लीज. तो विषय क्लोज झालाय. पुढच्या महिन्यात बिल्डिंगचं रिडेव्हलपमेंटचं ॲग्रीमेंट आहे. सरकारी नकाशात खाडाखोड केली असं लिहून देणार तू? तुझ्या पेन्शनचं काय? बिल्डर तर पळूनच जाईल."

"पळू दे," मी म्हटलं. "वजन उतरेल त्याचं."

फडताळातून कंपासची पेटी काढली, शाईची बाटली घेतली आणि निघाले. आजवर मी हट्टाने मेट्रोत बसले नव्हते. त्या दिवशी बसले. कसब्यातून स्वारगेटला जाताना आपलं घर डोक्यावर कधी आलं आणि गेलं ते कळलंसुद्धा नाही. एवढ्यासाठी ती तिथे बसली होती, की वरच्यांना काही कळू नये. स्वारगेटहून पुढे कात्रजपर्यंत बस, आणि बसला पाऊण तास. तिथे अजून बोगदाच खणताहेत, म्हणजे अजून वैष्णवीच तिथे आहे.

पत्र्याच्या खोलीत बसली होती. केसांत थोडं पांढरं आलेलं. बाहेर दोन स्टोअर होती.

"काकू! तुम्ही? एवढ्या उन्हात?"

"अहवालात काय लिहिलंस?" मी उभ्यानेच विचारलं.

ती गडबडली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मग म्हणाली, "सर्व्हेत सुटली. रहिवाशांना कल्पना नव्हती."

"का?"

"नकाशा खोडला म्हणून लिहिलं असतं तर तुमच्यावर केस झाली असती, काकू. सत्तर वय तवा तुमचं. मी कुटं तुम्हाला कोर्टात हिंडवू? माझं काय, एक बढती गेली."

असा संताप आला मला! "आणि तू कोण माझ्यावर दया करणारी? एकतीस वर्षं कुणाची दया घेतली नाही मी, साहेबांची नाही, सासऱ्यांची नाही. माझी चूक तू चार वर्षं अंगावर घेऊन हिंडतेस, मला न विचारता? चूक माझी आहे. परत दे."

"बुजवली ना विहीर. आता कशाला उकरता?"

"विहीर बुजवलीस. भोक तसंच आहे. नकाशा कुठाय?"

तो तिच्याच कपाटामागे नळीत होता. परत करायचा होता, पण चार वर्षांत कुणी मागितलाच नाही. सरकारी काम. टेबलावर पसरला. मी कंपासच्या नळीत शाई भरली आणि सुई त्या बत्तिसाव्या भोकावर ठेवली. ती आपोआप आत बसली. चौऱ्याहत्तरीचा हात, सावकाश फिरवला. वर्तुळ पुरं झालं. मग तळाचा दुरुस्तीचा रकाना, सेहेचाळीस वर्षं कोरा ठेवलेला, त्यात लिहिलं: 'रिसबूड यांच्या घरातील विहीर. मूळ नकाशातून जाणूनबुजून खोडली. चूक ट्रेसरची.' खाली आजची तारीख घातली आणि पूर्ण नावाने सही केली. शेजारी मेट्रोच्या वरच्या साहेबांच्या नावाने घरूनच लिहून आणलेलं पत्र ठेवलं, त्यात उरलेलं सगळं होतं.

"मिळेल का बढती परत?" मी विचारलं.

"न्हाय, काकू." तिने लपवलं नाही. "ती आमोदसाहेबांच्या माणसाला गेली. पर चौकशीचा शेरा निघंल."

मला रडू येत होतं आणि ते तिला दिसू नये म्हणून मी कंपास पुसत बसले. पुष्कळ वेळ पुसला. तिने कपाटातून ती जुनी वही काढली. शेवटच्या पानावर पंचेचाळिसावी विहीर होती, माझा पत्ता, खोली, काँक्रीट किती गेलं, सगळं. फक्त 'कुणी सांगितलं' हा रकाना कोरा होता. मांजर लिहिलं नव्हतं. नकाशा लिहिलं नव्हतं. स्वतःचंही नाव लिहिलं नव्हतं. चार वर्षं तिने तो तसाच ठेवला होता.

तिने पेन उघडलं आणि 'वा. रि.' एवढं लिहून थांबली.

"पूर्ण नाव लिही," मी म्हटलं. "आणि रेघ सरळ काढ."